मॅक मिनीवर बाल्डर्स गेट ३ अडखळतंय, जाणकारांनी मार्ग सुचवावा

फ्लेक्सवाला (शहापूर, बेळगाव)

नमस्कार मंडळी. गेले दोन आठवडे डोकं फिरलंय म्हणून धागा काढतोय.

माझं लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं काम आहे. जुना विंडोज संगणक श्रीलिपी (मराठी) आणि नुडी (कानडी) या टायपिंगच्या सॉफ्टवेअरसाठी तसाच ठेवलाय, कारण निम्म्या पत्रिका मराठी, निम्म्या कानडी, आणि मुलगा इकडचा, मुलगी गोकाककडची असली की दोन्ही. डिझाइनसाठी म्हणून दिवाळीत मॅक मिनी घेतला. एम४ चिप, १६ जीबी मेमरी, २५६ जीबी डिस्क, म्हणजे यादीतलं सगळ्यात खालचं मॉडेल. मॉनिटर २७ इंची फोर-के, कारण रंगाचं काम आहे.

शटर ओढल्यावर रात्री दहा ते बारा एवढाच माझा वेळ. त्यासाठी बाल्डर्स गेट ३ हा गेम घेतला. हाच घ्यायचं कारण म्हणजे त्याची मॅकसाठी वेगळी आवृत्ती आहे. विंडोजवर तो ऑगस्ट २०२३ मध्ये आला, मॅकवर त्याच सप्टेंबरात. जागा मात्र १५० जीबी मागतो आणि माझ्याकडे आत जेमतेम ९० रिकामी. म्हणून एक टीबीची बाहेरची एसएसडी आणली आणि गेम तिच्यावर टाकला.

त्रास असा आहे. चित्र सेकंदाला १५ ते २० फ्रेमवर रेंगाळतं. कॅमेरा फिरवला की दगडी भिंत आधी मेणासारखी गुळगुळीत दिसते, चार-पाच सेकंदांनी तिच्यावर दगड उमटतात. माणसांचंही तेच. समोरचा बोलायला लागतो तेव्हा त्याला चेहरा नसतो, अर्धं वाक्य झाल्यावर नाक-डोळे येतात. लोडिंग सुरू झालं की मी चहा टाकतो, आणि चहा आधी होतो.

एम४ला हा गेम झेपत नाही का? विकून टाकून विंडोजचा पीसी बांधू का? घरात आधीच "एवढे पैसे घालून काय आणलंस" सुरू आहे.

मांडे एक्स्प्रेस

बांध की पीसी. मॅकवर गेम म्हणजे कुंद्याच्या कढईत भजी तळल्यासारखं. होतील, पण कशाला?

राजहंसगड

मांडे, तुमचा प्रतिसाद दर धाग्यावर हाच असतो, प्रिंटरच्या धाग्यावरसुद्धा.

फ्लेक्सवाले, विकायची घाई करू नका. मी एम४ वरच खेळलोय, तोही १६ जीबीचाच. बरा चालतो. तुमच्याकडे एकच दुखणं नाहीये, दोन-तीन एकात एक मिसळलीत. फ्रेम कमी पडणं वेगळं आणि भिंतीवर दगड उशिरा येणं वेगळं. पहिलं ग्राफिक्सचं काम, दुसरं डिस्कचं. आधी हे सांगा: गेमच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन काय आहे? गेम चालू असताना मागे काय काय उघडं असतं? आणि ती एसएसडी कुठल्या खाचेत, कुठल्या केबलने लावलीय?

फ्लेक्सवाला

रिझोल्यूशन त्याने आपोआप घेतलं तेच, ३८४० बाय २१६०. मागे फोटोशॉप असतं, एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा वीस बाय दहाचा फ्लेक्स आहे तो बंद करत नाही, कारण फोन आला की लगेच फोटो बदलावा लागतो. (काल रात्री साडेअकराला आला. "आमच्या साहेबांच्या शेजारी तो नको.") ब्राउझर असतोच. एसएसडी मागच्या खाचेत आहे. केबल साधी सी टाइप.

राजहंसगड

एक दुखणं सापडलं. फोर-के म्हणजे जवळपास ८३ लाख ठिपके, आणि ते एका सेकंदात तीसेक वेळा रंगवायचे. १९२० बाय १०८० ला साधारण २१ लाख होतात, बरोबर चौथाई. एम४च्या साध्या चिपला गेममध्ये फोर-के मागू नका. खाली आणा. फारच मऊ दिसलं तर २५६० बाय १४४० करून सोबत एफएसआर चालू करा. त्यात गेम लहान चित्र काढतो आणि ते हुशारीने मोठं करतो. छपाईत तुम्ही ७२ डीपीआयचा फोटो फ्लेक्सला ताणता तसं, फक्त हे बरं दिसतं.

फोटोशॉप आणि गेम एकत्र नको. या मॅकमध्ये वेगळी ग्राफिक्स मेमरी नसते, त्या १६ जीबीतच सगळ्यांनी जेवायचं. ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडून मेमरी प्रेशरचा पट्टा बघा. हिरवा असेल तर ठीक, पिवळा झाला तर पंगत वाढलीय. आणि नंतर मेमरी वाढवू म्हणाल तर सोय नाही, ती चिपलाच जोडलेली असते.

खानापुरी पाऊस

गेममध्ये हळू डिस्कसाठी "स्लो एचडीडी मोड" म्हणून एक पर्याय आहे, तो चालू करून बघा. माझ्या जुन्या पीसीवर फरक पडला होता.

शिवाय गेम पूर्ण स्क्रीनवर ठेवा. खिडकीत चालवला तर मॅकचा गेम मोड लागत नाही. २०२३च्या सोनोमापासून तो आहे, गेमला प्रोसेसरवर मान पहिला देतो.

तंबाखूनगरी (निपाणी)

मध्येच घुसतोय, माफी असावी. माझ्याकडे २०१७चा २७ इंची आयमॅक आहे, इंटेलचा, ग्राफिक्स रेडिऑन प्रो ५७५, चार जीबी. कुणी म्हणतं भंगारात घाल. मला विचर ३ खेळायचाय, दुसरं काही नको. होईल काय?

राजहंसगड

विचर ३ची मॅक आवृत्ती कधी निघालीच नाही. पण तुमचं नशीब म्हणजे इंटेल मॅक आहे, त्यावर बूटकॅम्पने खरंखुरं विंडोज टाकता येतं. आमच्या नव्या चिपच्या मॅकवर ती सोय गेली. गेम २०१५चा आहे, तुमचं कार्ड त्याला पुरेल.

दोन पथ्यं. एक, डिसेंबर २०२२ मध्ये त्याला मोठं अपडेट आलं, चित्र सुंदर झालं आणि गेम जड झाला. लाँचरमध्ये डायरेक्टएक्स ११ निवडा, १२ नको. तरी अडखळला तर स्टीममध्ये (गेम विकत मिळतात ते ऑनलाइन दुकान) गेमच्या बीटा यादीत जुनी १.३२ आवृत्ती ठेवलीय, ती घ्या. दोन, रिझोल्यूशन. तुमचा पडदा फाइव्ह-के आहे, म्हणजे फ्लेक्सवाल्यांचंच दुखणं दीडपटीहून जास्त. १९२० बाय १०८० किंवा २५६० बाय १४४० वर ठेवा.

विंडोज १०चा अधिकृत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा त्या विंडोजवर बँकेची कामं करू नका. फक्त गेम.

तंबाखूनगरी (निपाणी)

विंडोज घातलं. गेम चालायलाय! पण वीस मिनिटांत पंखा असा ओरडतो की आई आतून विचारते गिरणी कुणी चालू केली. आणि मग गेम हळू होतो.

राजहंसगड

आयमॅक हवा खालच्या कडेच्या फटीतून ओढतो आणि मागे, स्टँडच्या बिजागरीशी सोडतो. आत पंखा एकच. त्या दोन्ही जागा बघा.

तंबाखूनगरी (निपाणी)

बघितल्या. सांगायलाही लाज वाटते.

आमच्या घरामागे वखार आहे, तंबाखूची पोती येतात-जातात. मशीन उताणं करून चादरीवर ठेवलं आणि मोबाइलचा उजेड खालच्या फटीवर मारला, तर फटी दिसतच नव्हत्या. तपकिरी नमदा बसलेला. आधी कोरड्या पेंटब्रशने खरवडला तर पापुद्रा निघाला, अख्खा, पट्टीसारखा. बिजागरीमागे व्हॅक्युमची बारीक नळी लावली. शिंका इतक्या आल्या की शेजारचे काका चौकशीला आले. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नुसत्या वासावरून कळलं कुठल्या जातीचा माल आहे.

आता तासभर खेळलो तरी आवाज निम्मा. गेम हळू होत नाही. आठ वर्षांत एकदाही पुसलं नव्हतं.

कॅम्पातली मास्तरीण

सगळ्यांना एक भाबडा प्रश्न. फ्लेक्सवाल्या दादांनी नवीन मॅक घेतला, त्यावर विचर चालणारच नाही का मग? माझा मुलगा पुण्यात शिकतो, त्याच्याकडे मॅक मिनी आहे, तो म्हणतो चालतो. मला वाटलं मला फसवतोय, अभ्यासाच्या मशीनवर गेम नाही म्हणून.

खानापुरी पाऊस

ताई, चालतो, आणि तो फसवत नाही. फक्त गेम थेट चालत नाही, दुभाषे लागतात.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. माझे आजोबा फक्त मराठी वाचायचे. जमिनीचा उतारा निघायचा कानडीत. मग तलाठ्याकडचा माणूस वाचून दाखवायचा, आजोबा काय म्हणतात ते परत कानडीत लिहून घ्यायचा. काम व्हायचं, पण दिवस जायचा. इथे तसे तीन दुभाषे बसतात. विंडोजला मारलेल्या हाका वाइन नावाची प्रणाली मॅकला समजावते (१९९३पासून हे काम चालू आहे, मुळात लिनक्ससाठी). विंडोजच्या डायरेक्टएक्सची चित्रकला मॅकच्या मेटलमध्ये फिरवायला डी३डीमेटल, जे ॲपलने जून २०२३ मध्ये गेम पोर्टिंग टूलकिटबरोबर आणलं. आणि इंटेलच्या चिपसाठी लिहिलेला कोड नव्या चिपला कळावा म्हणून रोझेटा २. हे सगळं एका डब्यात हवं तर क्रॉसओव्हर म्हणून विकत मिळतं, १४ दिवस फुकट वापरून बघता येतं. आधी ते १४ दिवस वापरा, गेम चालला तरच पैसे घाला.

बाल्डर्स गेटला यातलं काहीच लागत नाही, तो मराठीतच बोलतो असं समजा. म्हणून फ्लेक्सवाल्यांकडे तो इतका हळू चालणं मला पटतच नाही.

कॅम्पातली मास्तरीण

म्हणजे खरं बोलत होता! फोन करून सॉरी म्हणते. आणि अभ्यासाचं विचारते.

मांडे एक्स्प्रेस

तिन्ही दुभाष्यांना पाटीवर साठ टक्के कानडी लिहायला लावलं की झालं काम.

संपादक

मांडे, पाट्यांचा आणि सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तिथे जागा भरपूर आहे. इथे फक्त गेम.

फ्लेक्सवाला

अहवाल देतो. १०८० केलं, फोटोशॉप बंद केलं (फोन सायलेंटवर, पुढारी सकाळपर्यंत वाट बघेल). फ्रेम ४०च्या आसपास आल्या. बरं वाटलं. मेमरीचा पट्टा हिरवा.

पण भिंती अजून मेणाच्याच! लोडिंगही तेवढंच. तो स्लो एचडीडी मोड लावला तर फरक उन्नीस-बीस. एसएसडी नवी कोरी आहे हो, डब्यावर हजार एमबी लिहिलंय.

राजहंसगड

डब्यावरचं सोडा. एक करा. लग्नाच्या शूटिंगची एखादी मोठी फाइल असेल ना? ती मॅकवरून एसएसडीवर टाका आणि घड्याळ लावा.

फ्लेक्सवाला

४० जीबीची एक सीमांतपूजन ते वरात आहे, ती टाकली. सतरा मिनिटं लागली.

राजहंसगड

सापडला चोर. ४० जीबीला सतरा मिनिटं म्हणजे सेकंदाला ४० एमबी. हा एसएसडीचा वेग नव्हे, हा यूएसबी २चा वेग. आता सांगा, केबल एसएसडीच्या डब्यातलीच आहे?

फ्लेक्सवाला

नाही... ती वीतभर होती. मिनी मी मॉनिटरच्या मागे ठेवलाय आणि एसएसडी पुढे चिकटवलीय, तिथपर्यंत पोचत नव्हती. म्हणून मोबाइलच्या चार्जरची मीटरभराची लावली. टोकं सारखीच आहेत की दोन्हींची.

राजहंसगड

टोकं सारखीच असतात, तिथेच सगळे फसतात. मोबाइलच्या डब्यातल्या बहुतेक केबली वीज भरपूर नेतात आणि माहिती ४८० मेगाबिटनेच. तुमच्या मिनीची पुढची खाच १० गिगाबिटची, मागच्या त्याहून वेगवान, आणि मध्ये हा बैलगाडीचा रस्ता. खात्री करायची तर सिस्टिम रिपोर्टमध्ये यूएसबी उघडा, एसएसडीच्या नावाखाली वेग लिहिलेला असेल.

फ्लेक्सवाला

"अप टू ४८० एमबी पर सेकंद" असं काहीतरी लिहिलंय!! बी छोटा आहे.

राजहंसगड

छोटा बी म्हणजे बिट. आठाने भागा, आणि वाटेत थोडं सांडतं ते धरा.

फ्लेक्सवाला

डब्यातली वीतभर केबल शोधली, बायकोने ती शिवणाच्या डब्यात ठेवली होती. मिनी पुढे ओढला, एसएसडी पुढच्या खाचेत लावली. तीच वरात परत टाकली. मिनिटसुद्धा लागलं नाही. मी दोनदा टाकून बघितली, विश्वास बसेना.

गेम लावला. भिंत फिरवली. दगड होते. सगळे, आधीपासून. मी पाच मिनिटं नुसता कॅमेरा फिरवत बसलो, लढाई वगैरे काही नाही, शेवाळ बघत होतो. त्या गॉब्लिनच्या छावणीत प्रत्येकाच्या दाताला वेगळा मळ आहे, हे मला माहीतच नव्हतं.

स्लो एचडीडी मोड बंद केला. चहा बंद झालाय.

खानापुरी पाऊस

माझा सल्ला चुकीच्या रोगावर होता, कबूल. अजून एक आधीच सांगून ठेवतो. तिसऱ्या अंकात शहरात पोचलात की फ्रेम पुन्हा पडतील. तिथे गर्दी आहे आणि प्रत्येक माणसाचा हिशोब प्रोसेसर करतो, त्यामुळे रिझोल्यूशन कमी करून फार उपयोग नाही. सेटिंगमध्ये डायनॅमिक क्राउड्स आहे, ते बंद करा. बाजार जरा ओस पडेल, पण चालता येईल.

मांडे एक्स्प्रेस

गणेशोत्सवात गणपत गल्लीला पण अशी सेटिंग पाहिजे.

फ्लेक्सवाला

हे बरोबर बोललास.

आता दुसरी अडचण, जरा वेगळी. आमच्याकडे पावसात लाइट जाते, आली-गेली आली-गेली. इन्व्हर्टर आहे, तरी लाइट जाताना मिनी बंद पडून परत सुरू होतो. काल फासा टाकला होता, वीस बाजूंच्या फाशावर अठरा हवे होते, आले एकोणीस, आणि त्याच क्षणी काळोख. परत सुरू केलं, परत टाकला, दोन. एवढं दुःख मला सारीपाटात कधी झालं नाही.

उद्यमबागचा फिटर

हे माझं काम, थांबा. इन्व्हर्टरच्या मागे किंवा बाजूला एक लहान कळ असते, यूपीएस आणि दुसरं काहीतरी, नॉर्मल किंवा इको लिहिलेलं. ती यूपीएसवर ठेवा. दुसऱ्या मोडमध्ये लाइनवरून बॅटरीवर यायला त्याला जास्त वेळ लागतो. ट्यूबला, पंख्याला कळत नाही, संगणकाला कळतं. कळ यूपीएसवर करून बऱ्याच ठिकाणी काम होतं. नाही झालं तर छोटा यूपीएस मध्ये घाला.

बॅकअपची काळजी नको. एम४ मिनी जास्तीत जास्त ६५ वॅट घेतो. मॉनिटरचे चाळीसेक धरा. शंभर-सव्वाशेच्या आत सगळं. १५० एएचची बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅटतास. बॅटरी जुनी, निम्मी धरली आणि एक पंखा चालवला तरी पाच-सहा तास कुठे गेले नाहीत. मांडे म्हणतात तसा पीसी बांधला आणि त्यात मोठं ग्राफिक्स कार्ड घातलं तर तेच इन्व्हर्टर तासा-दोन तासांत रडेल, नाहीतर ओव्हरलोडची शिट्टी मारेल. आमच्या भागात मॅकच्या बाजूने बोलायचं तर हा एकच मुद्दा मला पटतो.

आणि माझा प्रश्न: माझ्याकडे एम१ मिनी आहे, ८ जीबी. सायबरपंक २०७७ मॅकवर आलाय म्हणे. घेऊ?

राजहंसगड

नका घेऊ. १७ जुलै २०२५ ला तो मॅकवर आला, एम१ही चालतो, पण किमान अट १६ जीबी मेमरीची आहे. तुमचा गुन्हा चिपचा नाही, मेमरीचा. ज्यांच्याकडे १६ आहे आणि गेम आधी स्टीमवर घेतलाय त्यांना मॅक आवृत्तीचे वेगळे पैसे पडत नाहीत. त्यात "या मॅकसाठी" अशी तयार सेटिंगही दिलीय, तुमचं मॉडेल ओळखून ती लावते.

तरी हौस म्हणून घेऊन बघायचाच तर स्टीमवर घ्या. चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. सुरुवातीचं पात्र बनवण्यात, नाक निवडण्यात दोन तास घालवू नका, बरेच जण तिथेच बुडतात.

उद्यमबागचा फिटर

मग राहू दे. मी विचर बघतो, दुभाष्यांसकट, चौदा दिवस फुकटवाला. ८ जीबीत तीन दुभाषे बसतील काय ते बसवून कळवतो.

फ्लेक्सवाला

कळ सापडली, धुळीत होती, "इको"वर होती. यूपीएसवर केली. संध्याकाळपासून लाइट तीनदा गेली, मिनी ढिम्म. मॉनिटर एकदा लुकलुकला तेवढंच.

जाता जाता, त्या मिनीचं चालू करायचं बटण बुडाला का दिलंय हे कुणी सांगेल का? प्रत्येक वेळी मांजराच्या पिल्लासारखं उचलायला लागतं.

मांडे एक्स्प्रेस

बेळगावात रेल्वेच्या तिसऱ्या गेटपाशी राहून बाल्डर्स गेट तीन खेळणारा मी एकटाच असेन म्हणून गप्प होतो. पीसीवर खेळतो, इन्व्हर्टर शिट्टी मारतो, हेही खरं. गेमच्या पॅच ८ या अपडेटपासून मॅक आणि विंडोजवाले एकत्र खेळू शकतात. फ्लेक्सवाले, रात्री दहाला?

फ्लेक्सवाला

साडेदहा. फ्लेक्सवरून तो माणूस काढायचाय आधी.

तंबाखूनगरी (निपाणी)

ती मीटरभराची केबल फेकू नका. माझ्या मोबाइलची तुटलीय, आणि मला वेगाचं काही पडलेलं नाही. रविवारी शहापुरात लग्नाला येतोय, दुकानावरून घेतो. पत्रिका तुमच्याकडचीच असावी, नवरीकडचं नाव कानडीत चुकलंय म्हणतात.